मिस्सेची वेळ व कम्युनियनचा उपास

चर्चच्या दारावर मिस्सांच्या वेळांचा नवा तक्ता लागला, कीं त्या आठवड्यांत गांवांत दुसरा विषय नसतो. सहाची मिस्सा साडेसहाला गेली, नऊची बंद झाली, शनिवारीं संध्याकाळीं एक नवी सुरू झाली, एवढ्यावरून घरोघर दोन पक्ष पडतात. वडील मंडळी म्हणतात, पूर्वीं असें नव्हतें. तरुण म्हणतात, बरें झालें. आमच्या वर्गांतील ख्रिस्ती मुलें ही चर्चा घरांतून शाळेंत आणतात, आणि त्यांच्या शेजारीं बसणारीं इतर धर्मांचीं मुलें विचारतात कीं, देवाच्या उपासनेला वेळापत्रक तें कशाला? प्रश्न चांगला आहे. त्याचें उत्तर एका वाक्यांत देतां येत नाहीं, म्हणून वार्षिक अंकाचीं हीं चार पानें आम्हीं त्याकरितां मागून घेतलीं.

जे वाचक ख्रिस्ती नाहींत त्यांच्यासाठीं प्रथम थोडेसें सांगितलें पाहिजे. मरणाच्या आदल्या रात्रीं प्रभु येशूनें आपल्या शिष्यांबरोबर भोजन केलें. भाकर मोडून व द्राक्षारसाचा प्याला देऊन हें आपलें शरीर व आपलें रक्त आहे असें सांगितलें, आणि आपल्या आठवणीसाठीं असेंच करीत जाण्याची आज्ञा दिली. ती आज्ञा ज्या उपासनेंत पाळली जाते ती मिस्सा. मिस्सेंत अर्पण केलेली ती भाकर भाविक ग्रहण करितात, त्यास कम्युनियन अथवा ख्रिस्तशरीर-स्वीकार म्हणतात. कॅथलिक श्रद्धेप्रमाणें ती भाकर म्हणजे नुसती खूण नव्हे, प्रत्यक्ष ख्रिस्तच होय. एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे, गव्हाच्या पिठाच्या एका पातळ चकतीसाठीं माणसांनीं इतके नियम कां केले व इतकी तहानभूक कां सोसली, ह्याचा उलगडा होतो.

ही श्रद्धा एक गोष्ट, आणि ती आचरण्याची रीत दुसरी. किती वाजतां, उपाशीपोटीं कीं जेवून, हातावर कीं जिभेवर, ह्या गोष्टी रीतींत मोडतात. श्रद्धेला हात लावण्याचा अधिकार ख्रिस्तसभा स्वतःकडे घेत नाहीं. रीत मात्र ती काळवेळ पाहून बदलीत आली आहे. घरांतल्या वादांत ह्या दोहोंची गल्लत होते, आणि तेथेंच आवाज चढतात.

वेळेचा प्रश्न हा मुळांत उपासाचा प्रश्न आहे. अगदीं पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांत ही उपासना जेवणाला जोडूनच होत असे. करिंथ शहरांतील मंडळींत खातेपिते लोक आधीं येऊन पोटभर जेवत व गोरगरीब मागाहून येऊन उपाशी राहत. त्याबद्दल संत पौलानें त्यांस पत्रांतून चांगलेंच खडसावलें आहे. पुढें जेवण निराळें व उपासना निराळी झाली, आणि प्रभूच्या भाकरीआधीं दुसरें अन्न पोटांत जाऊं नये असा प्रघात पडला. इ. स. ३९३ मध्यें उत्तर आफ्रिकेंतील हिप्पो येथें भरलेल्या धर्मसभेनें, धर्मगुरूंनीं वेदीपाशीं उपाशीपोटींच जावें असा नियम केला. मौज अशी कीं, वर्षांतून एक दिवस, प्रभूच्या शेवटल्या भोजनाच्या स्मरणदिनीं, त्यांतून सूट होती. कारण ते मूळचें भोजनच होतें! त्याच हिप्पोचा पुढें महागुरू झालेला संत ऑगस्टीन सुमारें ४०० सालीं लिहितो तेव्हां हा प्रघात सर्वत्र रुळलेला दिसतो.

शतकांमागून शतकें गेलीं आणि प्रघाताचा काटेकोर कायदा झाला. १९१७ च्या धर्मविधिसंहितेंत तो स्पष्ट लिहिलेला आहे: ज्यास कम्युनियन घ्यावयाचें आहे त्यानें मध्यरात्रीपासून अन्नाचा कण किंवा पाण्याचा थेंबहि घेऊं नये. त्याच संहितेंत दुसरें कलम असें कीं, मिस्सा उजाडण्याच्या एक तासाहून आधीं सुरू होऊं नये व दुपारच्या बारानंतर एक तासाहून उशिरा सुरू होऊं नये. हीं दोन कलमें शेजारीं शेजारीं ठेवा, म्हणजे आजोबांच्या वेळचा तक्ता आपोआप तयार होतो. सर्व मिस्सा सकाळच्या. ज्यांना कम्युनियन घ्यावयाचें ते पहांटेच्या मिस्सेला जात. उशिराची गायनासह होणारी मोठी मिस्सा थाटाची खरी, पण तींत कम्युनियन घेणारे अगदीं थोडे असत. कारण तोंवर पाण्याशिवाय राहणें सर्वांस जमण्याजोगें नव्हतें.

ज्यांस सवड होती त्यांनीं हा उपास आनंदानें केला, आणि त्यांत त्यांस गोडीहि वाटे, हें आम्ही मान्य करितों. पण नियमाचा भार सर्वांवर सारखा पडत नसतो. रात्रपाळी करून सकाळीं सुटणारा गिरणी-कामगार, रात्रभर आजाऱ्यांपाशीं जागणारी परिचारिका, अंगावर पाजणारी आई, भाजीच्या पाट्या घेऊन मुंबईची पहिली गाडी धरणारा वसईचा बागाईतदार, ह्यांनीं काय करावें? ते मिस्सेला येत, पण ज्या भोजनासाठीं मिस्सा, त्या भोजनापासून ते दूर राहत. धर्मगुरूंची अवस्थाहि सोपी नव्हती. ज्यास एकाच सकाळीं दोन गांवीं मिस्सा करावयाची असे, त्यास पहिल्या मिस्सेअखेर प्याला धुतलेलें पाणीहि पितां येत नसे; तसेंच कोरड्या घशानें उन्हांतून पुढच्या गांवीं जावें लागे. धर्मशिक्षणाच्या वर्गांत त्या काळीं मुलें हमखास विचारीत कीं, तोंड धुतांना चुकून थेंब गिळला गेला तर उपास मोडतो काय? लाळेबरोबर नकळत गेलेल्या थेंबानें मोडत नाहीं, असें उत्तर असे. पण प्रश्नावरून मुलांच्या मनांतील धास्ती कळते.

ह्या धास्तीचें आणखी एक मूळ होतें. आपण पापी, मग एवढ्या पवित्र भोजनाला वारंवार कसें जावें, असा संकोच मध्ययुगांत इतका वाढला कीं लोक वर्षानुवर्षें कम्युनियन घेईनासे झाले. तेव्हां १२१५ सालच्या लॅटरन येथील चौथ्या धर्मसभेला, प्रत्येकानें निदान वर्षांतून एकदां, पास्काच्या काळांत, तें घेतलेंच पाहिजे असा हुकूम काढावा लागला. जेवणाचें आमंत्रण असतां लोकांस ताटावर बसविण्यासाठीं कायदा करावा लागणें हें चमत्कारिकच म्हणावयाचें. पुढें सतराव्या शतकांत फ्रान्स देशीं जॅन्सेनपंथी मंडळींनीं हा संकोच पुनः जागा केला; आंत्वान आर्नो ह्या पंडिताचा वारंवार कम्युनियन घेण्याविषयींचा ग्रंथ १६४३ त निघाला, आणि त्याच्या कडक अटी वाचून चांगले चांगले लोक कचरूं लागले. मुलांस तर दहा-बारा, कांहीं ठिकाणीं चौदा वर्षांपर्यंत थांबवून ठेवीत.

हें पोप दहावे पायस ह्यांनीं मोडून काढलें. डिसेंबर १९०५ मध्यें त्यांनीं जाहीर करविलें कीं, जो गंभीर पापांत नाहीं व ज्याचा हेतु शुद्ध आहे अशा कोणासहि रोजच्या रोज कम्युनियन घेण्यास प्रत्यवाय नाहीं. ऑगस्ट १९१० मध्यें दुसरा निर्णय आला, तो आमच्या विद्यार्थ्यांच्या विशेष जिव्हाळ्याचा. मूल साधारण सात वर्षांचें झालें, ही भाकर व रोजची भाकर ह्यांतील भेद त्यास कळूं लागला, कीं त्यास थांबवून ठेवूं नये, असें त्यांत ठरलें. पहिल्या कम्युनियनच्या दिवशीं पांढऱ्या पोषाखांत रांगेनें जाणारीं तिसरी-चौथींतलीं मुलें आज आपण पाहतों, तीं त्या निर्णयामुळें. आम्हांस तर वाटतें कीं, नंतरचे सारे बदल ह्या एकाच गोष्टींतून निघाले. लहान मुलें आलीं, रोज येणारे आले; मग मध्यरात्रीपासूनचा उपास त्यांना कसा झेपावा?

तरी तो नियम सुटावयास आणखी चाळीस वर्षें लागलीं. दुसऱ्या महायुद्धांत सैनिकांस व पाळीच्या कामगारांस तात्पुरत्या सवलती द्याव्या लागल्या, आणि त्यांमुळें श्रद्धा ढिली झाली नाहीं असें दिसून आलें. ६ जानेवारी १९५३ रोजीं पोप बारावे पायस ह्यांनीं जाहीर केलें कीं साध्या पाण्यानें उपास मोडत नाहीं. शिवाय महागुरूंस दुपारीं चारनंतर मिस्सेची परवानगी देण्याचा अधिकार दिला. १९ मार्च १९५७ रोजीं मध्यरात्रीची अटच गेली. घन अन्न व मद्य ह्यांपासून तीन तास, इतर पेयांपासून एक तास, एवढेंच बंधन राहिलें. आणि २१ नोव्हेंबर १९६४ रोजीं पोप सहावे पॉल ह्यांनीं सर्व मिळून एकच तास ठेवला. दीड हजार वर्षें चालत आलेली गोष्ट बारा वर्षांच्या आंत बदलली.

ह्या शेवटल्या तारखेशीं आपल्या मुंबईचा निकट संबंध आहे. तिच्यानंतर अवघ्या सातव्या दिवशीं, २८ नोव्हेंबरला, मुंबईच्या ओव्हल मैदानावर आंतरराष्ट्रीय कम्युनियन-परिषद सुरू झाली, आणि २ डिसेंबरला स्वतः पोप सहावे पॉल तेथें आले. भारतांत पाऊल ठेवणारे ते पहिलेच पोप. मैदानावर संध्याकाळच्या मोठमोठ्या उपासना झाल्या. मध्यरात्रीपासून पाणी वर्ज्य असतें, तर एवढ्या जनसमुदायास संध्याकाळीं कम्युनियन देण्याची कल्पनाहि कोणी केली नसती.

आजचा हिशेब सोपा आहे. तास मोजावयाचा तो मिस्सा सुरू होण्यापासून नव्हे, तर कम्युनियनपासून मागें. रविवारची मिस्सा सातची असेल व कम्युनियन साधारण पावणेआठला येत असेल, तर पावणेसातपर्यंत चहा-भाकरी चालेल. पाणी व औषध केव्हांहि चालतें. वयोवृद्ध, आजारी व त्यांची शुश्रूषा करणारे ह्यांस तासाचेंहि बंधन नाहीं. १९८३ च्या संहितेंत तसें स्वच्छ लिहिलें आहे. तरीहि कित्येक आजी सकाळची गोळी न घेतां चर्चला येतात आणि उभ्या उभ्या चक्कर येऊन खालीं बसतात. त्यांच्या नातवंडांनीं हा परिच्छेद त्यांस वाचून दाखवावा.

नियमाच्या घोटाळ्यानें वेळ कशी उलटीपालटी होते ह्याचें नामांकित उदाहरण पवित्र सप्ताहांत सांपडतें. पास्काचा जागर हा रात्रीचा विधि. अंधारांत नवा अग्नि पेटवावयाचा, त्यावर मोठी मेणबत्ती लावावयाची, आणि त्या ज्योतीनें काळोख हटला असें गावयाचें. पण दुपारनंतर मिस्सा नको, आणि उपास तर लवकर सुटावयास पाहिजे, ह्या ओढाताणींत हा जागर सरकत सरकत शनिवारच्या सकाळीं येऊन ठेपला होता. लख्ख उन्हांत मेणबत्ती हातीं घेऊन रात्रीचीं गाणीं गावयाचीं, असा प्रकार कित्येक शतकें चालला! १९५१ मध्यें तो प्रयोगादाखल पुनः रात्रीं नेला, आणि १९५५ च्या अखेरीस निघालेल्या हुकुमानें पुढल्या वर्षापासून सर्व सप्ताहाच्या वेळा नीट लावल्या. पवित्र गुरुवारचें प्रभुभोजन सकाळचें संध्याकाळीं आलें. उत्तम शुक्रवारचा विधि दुपारीं, प्रभूच्या मरणाच्या सुमारास, होऊं लागला. आणि पूर्वीं ज्या दिवशीं मरणोन्मुख माणसाखेरीज एकट्या धर्मगुरूसच कम्युनियन मिळे, त्या दिवशीं तें सर्वांस खुलें झालें. तेव्हां 'नवीन वेळ' म्हणून ज्या बदलावर टीका झाली, तो वस्तुतः जुन्या वेळेकडे परतण्याचा बदल होता.

भाषेच्या बदलाविषयीं येथें विस्तार करीत नाहीं. १९६३ मध्यें दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनें लोकभाषेला वाट करून दिली, १९६९ मध्यें नवी मिस्साविधि आली, आणि लॅटिनच्या जागीं आपल्याकडे मराठी ऐकूं येऊं लागली. त्याच १९६९ सालीं भारतासाठीं बारा बाबींस रोमची मान्यता मिळाली. पादत्राणें बाहेर काढणें, मांडी घालून बसणें, गुडघे टेकण्याऐवजीं हात जोडून नमन करणें, मेणबत्तीऐवजीं तेलाची समई लावणें, ह्या त्यांपैकीं कांहीं. आपल्या घरांत जें शिष्टाचाराचें तें देवघरीं परकें कां असावें?

आतां शनिवारच्या संध्याकाळच्या मिस्सेविषयीं. ती रविवारच्या कर्तव्यांत कशी धरितात, ही शंका वडील मंडळी फार विचारतात. बायबलांतील दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो. सणाची आदली संध्याकाळ ही सणाचाच भाग, हें ख्रिस्तसभा पूर्वींपासून मानीत आली. १९६७ मध्यें जेथें परवानगी होती तेथपुरती व १९८३ च्या संहितेंत सर्वत्र, आदल्या संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली गेली. रविवारीं ज्यास कामावर जावें लागतें त्याच्यासाठीं ही सोय आहे. रविवारीं उशिरापर्यंत निजण्यासाठीं तिचा उपयोग करणारेहि आम्हांस माहीत आहेत. पण सोय काढून घेतल्यानें आळशी माणूस पहांटे उठेल आणि कामकरी माणसाचें नुकसान होणार नाहीं, असें कोणीं सांगावें?

तक्ता बदलण्याचें आणखी एक कारण लोकांच्या फारसें लक्षांत येत नाहीं. धर्मगुरूनें एका दिवशीं साधारणतः एकच मिस्सा करावी असा नियम आहे. योग्य कारण असल्यास महागुरू त्यास दोनची, आणि रविवारीं किंवा सणाच्या दिवशीं खरीच गरज असल्यास तीनची परवानगी देऊं शकतात. मिस्सा म्हणजे कारखान्यांतला माल नव्हे, ती घाईघाईनें उरकली जाऊं नये, हा त्यांतील हेतु. मग ज्या धर्मग्रामांत दोन धर्मगुरू आहेत व रविवारीं सहा मिस्सा आहेत, तेथील एकाची बदली झाली कीं सहाच्या तीन होणारच. त्या तीन कोणत्या ठेवाव्या हा पेंच उरलेल्या धर्मगुरूपुढें असतो. पहांटेची काढली तर भाजीवाले व रेल्वेचे नोकर नाराज. मुलांची काढली तर धर्मशिक्षणाचा वर्ग मोडतो. संध्याकाळची काढली तर दवाखान्यांतल्या मुली अडतात. दूरच्या वाडीवरील लहान चर्चमध्यें महिन्यांतून चारदां होणारी मिस्सा दोनदांवर आली, तर तेथील म्हाताऱ्या माणसांनीं पायीं किती चालावें? तक्त्यापुढें उभे राहून बोटें मोडण्यापूर्वीं हा हिशेब एकदां स्वतः करून पाहावा. आमच्या दहावीच्या मुलांस गणिताचें उदाहरण म्हणून तो घालावा असें कित्येकदां मनांत येतें. उत्तर मात्र सर्वांस पटेल असें निघत नाहीं.

कम्युनियन हातावर घ्यावें कीं जिभेवर, हा वाद सर्वांत तिखट. चौथ्या शतकांत यरुशलेमचा महागुरू संत सिरिल नव्या ख्रिस्ती लोकांस शिकवितांना डावा हात उजव्या हाताखालीं आसनासारखा धरून प्रभूला तळहातावर कसें घ्यावें हें समजावून देतो. तेव्हां हातावर घेणें ही कालची फॅशन नव्हे. पुढें आदराच्या व जपणुकीच्या भावनेनें, एक कणहि सांडूं नये म्हणून, जिभेवर देण्याची चाल पडली व ती हजार वर्षें टिकली. ती चुकीची होती असेंहि नाहीं. मे १९६९ मध्यें रोमनें जुनी चाल कायम ठेवूनच, जेथील महागुरू-मंडळ मागेल तेथें हातावर देण्याची मुभा दिली. हातावर घेतांना तो घास तेथेंच, धर्मगुरूसमोर, तोंडांत घालावयाचा असतो. चालत चालत किंवा जागेवर नेऊन नव्हे. प्याल्याचीहि अशीच कथा. प्रारंभीं सर्वांस मिळणारा प्याला मध्ययुगांत हळूहळू मागें पडला, १४१५ मध्यें कॉन्स्टन्सच्या धर्मसभेनें तो सामान्य भाविकांस बंद केला, आणि १९६३ नंतर ठराविक प्रसंगीं तो पुनः खुला होत गेला. १९७३ पासून गरजेप्रमाणें नेमलेले सामान्य भाविक, स्त्रिया सुद्धां, कम्युनियन वाटण्यास साहाय्य करूं शकतात. त्यांच्या रांगेंत न जातां मुद्दाम धर्मगुरूची रांग धरणारे लोक असतात; पण भाकर एकच आहे, रांगेनें ती बदलत नाहीं.

मार्च २०२० मध्यें करोनाच्या साथीनें जें केलें तें कोणत्याहि धर्मसभेनें केलें नव्हतें. देशभर टाळेबंदी झाली, चर्चेस बंद झालीं, आणि त्या वर्षींचा पास्का लोकांनीं घरीं पडद्यावर पाहिला. रोममध्यें २७ मार्चच्या पावसाळी संध्याकाळीं पोप फ्रान्सिस ओसाड चौकांत एकटे प्रार्थनेला उभे राहिले, तें चित्र ज्यांनीं पाहिलें ते विसरले नसतील. मिस्सा कानीं पडत होती, पण कम्युनियन नव्हतें. आणि पडद्यांतून भाकर देतां येत नाहीं हें लहानथोरांस त्या महिन्यांनीं शिकविलें. चर्चेस उघडलीं तेव्हां बाकावर खुणा, बेताची हजेरी, त्यामुळें जास्त मिस्सा, आणि पुष्कळ ठिकाणीं कम्युनियन केवळ हातावर, अशी व्यवस्था आली. जे आजोबा पन्नास वर्षें हात पुढें करावयास तयार नव्हते, त्यांनींहि ते केले. कांहींनीं नंतर पुनः जिभेवर घ्यावयास सुरुवात केली. तो त्यांचा हक्क आहे व कोणीं त्यांस हंसूं नये.

एक तक्रार मात्र आम्ही वडील मंडळींच्या बाजूनें नोंदवितों. मध्यरात्रीपासूनचा उपास कठीण होता, तरी भूक स्वतः माणसास आठवण करून देई कीं आज आपण कोणाकडे जेवावयास चाललों आहों. तासाचा उपास इतका लहान आहे कीं पुष्कळांचा तो चर्चच्या वाटेवर व प्रवचनांतच पुरा होतो, आणि तो होता हें ध्यानींहि येत नाहीं. चर्चच्या आवारांत गोळी चघळत शिरणाऱ्या मुलास त्याच्या आईनें हटकलें तर आम्ही आईचाच पक्ष घेऊं.

ज्यांस तक्त्यांतील कोणतीच वेळ साधत नाहीं अशांसाठीं एक वेळ तक्त्यावर लिहिलेली नसते. अंथरुणास खिळलेल्या माणसाकडे धर्मगुरू किंवा नेमलेले सेवक कम्युनियन घेऊन घरीं येतात. फार पूर्वीं, इ. स. १५५ च्या सुमारास, रोमचा संत जस्टिन लिहितो कीं, जे येऊं शकले नाहींत त्यांच्या घरीं सेवक तो वांटा नेऊन पोंचवीत असत. त्यासाठीं घरच्यांनीं धर्मग्रामाच्या कचेरींत नांव व पत्ता द्यावा, येण्याचा दिवस विचारून ठेवावा, आजाऱ्याच्या उशाशीं लहान मेज मांडून त्यावर स्वच्छ पांढरें कापड, क्रूस, मेणबत्ती व पेलाभर पाणी ठेवावें. गिळावयास त्रास होत असेल तर तसें आधींच सांगावें, म्हणजे चकतीचा अगदीं लहानसा तुकडा देतात.